मारोमेऊची दलदल, फुगलेला दस्ता आणि चार इंच

तिसऱ्या दिवशी दुपारी कॅम्पमागे पुठ्ठ्याचा खोका ठेवला, शंभर मीटरवरून तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एकमेकींना चिकटून लागल्या, पण चार इंच डावीकडे. निघायच्या आधी जोहान्सबर्गच्या रेंजवर हीच रायफल, हीच काडतुसं, नेम मधोमध होता. पीएच (म्हणजे लायसनवाला शिकारी गाइड) काही बोलला नाही, नुसता दस्त्यावरून हात फिरवत राहिला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

मी चौदा वर्षं जोहान्सबर्गला आहे, खाणीतल्या पंपांचं काम. ऑफिसातला एक मित्र बरीच वर्षं मागे लागला होता, शेवटी गेल्या ऑगस्टमध्ये मोझांबिकला गेलो, झांबेझी नदीच्या मुखाशी मारोमेऊजवळचा कोताडा ११, म्हणजे सरकारने शिकारीसाठी राखलेला पट्टा. १९७७ ते १९९२ च्या गृहयुद्धात इथले बफेलो मारून संपवत आणले होते, आता परत हजारोंचे कळप आहेत, २०१८ मध्ये तर २४ सिंह बाहेरून आणून सोडले. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद, त्यामुळे काहींच्या कपाळाला आठ्या पडणार, पडू देत. इथे कोटा ठरलेला असतो आणि मांस आसपासच्या गावांत जातं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

तर रायफल. माझी जुनी, सेकंडहँड, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर पॉलिशची नळी, दिसायला राणी. आर्गो नावाची आठ चाकांची पाण्यात-चिखलात चालणारी गाडी असते, तिच्यातून पपायरसच्या गवतात उतरताना पहिल्याच दिवशी कमरेएवढ्या पाण्यात आडवा झालो, रायफलसकट. वरून पुसली, तेल लावलं, झालं असं वाटलं. पण लाकूड बाहेरून पॉलिश केलेलं असलं तरी आत, नळी जिथे बसते त्या खोबणीत आणि मागे रबरी पॅडखाली बहुतेक वेळा कोरंच असतं. तिथून ते पाणी पितं, फुगतं आणि नळीला एका बाजूने दाबतं. रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू घट्ट, मग नेम का हलला याचं उत्तर हे. आता चार इंच म्हणजे फार काय असं वाटेल, पण बफेलो जखमी होऊन गवतात शिरला की मागे जायचं असतं ते आपल्यालाच, आणि ते गवत डोक्याच्या वर.

मित्र हसत होता कारण त्याची स्टेनलेस, फायबरचा दस्ता, ‘हिला काही होत नाही’. चौथ्या रात्री मी जबरदस्तीने बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा) उघडायला लावला. आतल्या स्प्रिंगवर आणि पट्ट्याच्या कडीच्या स्क्रूवर तांबूस भुकटी! अहो, आपल्या घरातलं भांडं १८/८ चं असतं, १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. बंदुकीच्या नळीचं स्टेनलेस त्यातलं नाही, क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास, वर मशीनवर सोपं कापलं जावं म्हणून गंधक घातलेलं, ते गंज उशिरा धरतं पण धरतं. आणि स्प्रिंग, पिना, स्क्रू बऱ्याचदा साधंच पोलाद. त्यात इथे समुद्र जवळ, पहाटे धुकं, सगळ्यावर दव.

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो, घ्यायचीच तर .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) काडतुसाची रायफल घ्या, १९१२ चं काडतूस, बऱ्याच देशांत बफेलोसाठी कमीत कमी हेच चालतं आणि आफ्रिकेत कुठल्याही आडगावच्या दुकानात मिळण्याची शक्यता त्यातल्या त्यात याचीच. दस्ता फायबरग्लासचा, पण दाबून बघा, स्वस्त पोकळ प्लॅस्टिक वाकतं आणि फांदीला लागलं की डबा वाजल्यासारखं वाजतं. लाकूडच हवं असेल तर आतून इपॉक्सी भरून सील करून घ्या, किंवा लॅमिनेट (पातळ लाकडी थर चिकटवून केलेलं) घ्या, जड असतं पण सहसा फुगत नाही. दुर्बीण एक ते चार पटीची पुरे, पटकन निघणाऱ्या माउंटवर, खाली लोखंडी साइट (नळीवरची नेम धरायची साधी खूण) असायलाच हवी, माझी काच दोनदा धुक्याने आंधळी झाली होती.

तेल जास्त ओतू नका. गाडीने धूळ उडते, तेलात बसते, बोल्टमध्ये वाळूची चटणी होते. रोज संध्याकाळी अंघोळीच्या आधी बोल्ट काढून, पुसून, अगदी पातळ हात फिरवायचा. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची टेप एक पट्टी, चिखल आत जात नाही, गोळी सुटायच्या आधी आतल्या हवेनेच ती फुटते, नेमावर फरक नाही. काडतुसं डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, तापली की प्रेशर वाढतं आणि काडतुसाची रिकामी पितळी नळी आत अडकते.

कागदपत्रांचा वैताग वेगळाच. दक्षिण आफ्रिकेतून निघताना कस्टमला डीए ६५ फॉर्मवर रायफल नंबरासकट नोंदवा, नाहीतर परत येताना ती आपलीच आहे हे पटवत बसाल. बाहेरून दक्षिण आफ्रिकेत उतरणाऱ्यांना पोलिसांचा एसएपीएस ५२० फॉर्म, काळ्या शाईने भरा, सही मात्र तिथल्या पोलिसासमोरच करा. मोझांबिकचं परमिट कॅम्पवाल्यांकडून आधीच मागवा. काडतुसं सहसा पाच किलोपर्यंत, वेगळ्या कुलूपवाल्या डब्यात. मी एकाच पेटीत घातली होती, तर काउंटरवरच्या बाईंनी रांगेतून बाहेर काढून सगळं जमिनीवर उघडायला लावलं, मागे हनिमूनवाली मंडळी टकामका बघतायत! चाळीस काडतुसं दोन किलोच्या आसपास होतात, त्याहून जास्त नेऊच नका. मलेरियाच्या गोळ्या आणि हेलिकॉप्टर-विमानाने उचलून न्यायचा विमा मात्र विसरायचा नाही, आणि निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माशा त्यावर तुटून पडतात.

शेवटी बफेलो मारला तो कॅम्पच्या भाड्याच्या रायफलने. काळी, ओरखडे पडलेली, दस्त्यावर कोणीतरी टेप गुंडाळलेली, पण नेम बरोबर. घरी आल्यावर माझी उघडली तर खोबणीत एका बाजूला लाकूड नळीला घासून काचेसारखं चकचकीत झालेलं. तीन आठवडे गॅलरीत सावलीत वाळत होतं. आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, हे काय पाट वाळत घातलायस का?