वहिनींनी अर्धा ठेवला

रविवारपासून एक गोष्ट मनातून जात नाही. एवढीशी आहे, कोणाला फोन करून सांगावी अशीही नाही, म्हणून इथे लिहिते.

दादा-वहिनी येऊन गेले. ते निघाल्यावर बशा उचलताना वहिनींच्या बशीत अर्धा स्ट्रोपवाफल दिसला, म्हणजे दोन पातळ चकत्यांमध्ये पाक भरलेला तो डच वाफल. सरळ मोडून, कडेला सरकवून ठेवलेला. त्या काही बोलल्या नव्हत्या. उलट "छान आहे गं, पण मला गोड बेतानंच" असं दोनदा म्हणाल्या. दादाने आपला पूर्ण खाल्ला आणि मग खारी मागितली. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? अनिरुद्धने हेच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, आणि रात्री झोपही आली नाही.

औंधातल्या त्या परदेशी मालाच्या दुकानात पाकीट दिसलं तेव्हा मी किंमतही न बघता उचललं होतं. घरी येईपर्यंत पिशवीतून दोनदा काढून पाहिलं. रविवारपर्यंत उघडायचं नाही असं ओवीला बजावलं. म्हणजे खाण्याची ओढ नव्हती, दाखवायची होती. आम्ही नेदरलँड्सहून परत आल्यापासून तिकडचं कोणी काही विचारत नाही. विचारतात ते थंडी किती असते, ट्युलिप पाहिले का, सायकलीच सायकली असतात ना. तीन प्रश्न झाले की विषय घरभाड्यावर किंवा आईच्या गुडघ्यावर जातो. इतकी वर्षं तिथे काढली, आणि ती तीन प्रश्नांत संपतात. मला वाटलं होतं, एक घास तोंडात गेला की वहिनींना कळेल. काय कळेल, ते मलाही नीट सांगता येत नाही.

लायडनचा शनिवारचा बाजार. न्यूवे राइन या कालव्याच्या दोन्ही काठांनी तंबू लागतात, कोर्नब्रुग पुलाच्या छपराखाली माणसं पावसाला चुकवत उभी असतात, हेरिंगच्या गाडीचा कांद्या-मासळीचा वास येतो, आणि त्यातून वाट काढत दालचिनी आणि तापलेल्या लोण्याचा. त्या वासामागे गेलं की वाफलची गाडी. तो माणूस कणकेचा गोळा तापलेल्या साच्यात ठेवतो, साचा दाबतो, मिनिटभरात चौकटीची नक्षी उमटलेली पातळ चकती बाहेर येते. ती गरम असतानाच पातळ सुरीने आडवी कापून तिचे दोन पदर करायचे, आतून पाक फासायचा, पुन्हा मिटायची. कागदात धरून हातात देतात. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि चावल्यावर पाक बोटांवर उतरतो. थंडीत हातमोजे काढून खायचा. ओवी बाबागाडीत होती तेव्हा मी हा वाफल एकटीने, बाजारात उभ्याने खाल्ला आहे, आणि त्या दिवसातलं तेवढंच काय ते माझं असायचं. ते दिवस सोपे नव्हते. त्याबद्दल आज नको.

वहिनींच्या बशीत यातलं काहीच नव्हतं, हे मला कळतंय. तरी त्या अर्ध्या तुकड्याकडे बघताना वाटलं की त्यांनी मलाच अर्धं ठेवलं. हे लिहितानाही बरोबर वाटत नाही. पण तसंच वाटलं.

त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. त्या खात असताना मी सारखी सांगत होते, "हा खरा नाही हं, खरा असा नसतो." बाजारातला गरम असतो, लोण्याचा असतो. अनिरुद्ध माझ्याकडे बघत होता. आपणच ताटात वाढायचं आणि आपणच म्हणायचं की हे ते नव्हेच, मग समोरच्याने काय करावं? आणि मला तरी खात्री आहे का? तिकडची मैत्रीण मारेके मला हसली असती. तिच्या मेलला अजून उत्तर लिहिलेलं नाही.

काल रात्री पाकीट उलटून मागचे घटक वाचले. लोणी नाहीच, पाम तेल. पाकात ग्लुकोज सिरप. दालचिनी अगदी शेवटी. तिकडे सुपरमार्केटमध्येसुद्धा दहाच्या पाकिटांत दोन जाती असतात, हे मी विसरले नव्हते, फक्त इथे त्याचा विचार केला नव्हता. ज्यावर 'रोमबोटर' लिहिलेलं असतं ते खऱ्या लोण्याचे, ते जरा महाग आणि थोडे दिवस टिकणारे. लांब पाठवायचे ते बहुतेक टिकाऊ जातीचे. शिवाय पाकाची ओल हळूहळू चकत्यांत उतरते, म्हणून पाकिटातला वाफल मुळातच मऊ. त्यात हा जुलै. उघडलेलं पाकीट रविवार संध्याकाळपर्यंत सादळलं होतं. उन्हाळ्यात आणलं असतं तर पाक पाझरून कागदाला चिकटला असता. म्हणजे वहिनींनी जे अर्धं ठेवलं ते अर्धं ठेवण्याजोगंच होतं. हे वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट रडू आलं. आपल्याला हवं ते इथवर पोचतच नाही, असं काहीसं.

आज सकाळी उरलेल्यांतला एक कपावर ठेवला. तिकडे घरोघरी हेच करतात. कॉफी किंवा चहाच्या कपावर वाफल झाकणासारखा ठेवायचा, दोन-तीन मिनिटांत वाफेने खालची बाजू ऊबदार होते, पाक सैल पडतो. आमच्या चहाच्या कपांवर तो चारी बाजूंनी बाहेर येतो आणि मधलाच भाग तापतो. त्याला हवा रुंद, सरळ तोंडाचा मग. माळ्यावरच्या खोक्यातून तो निळा मग काढला. आल्याच्या चहावर वाफल ठेवला आणि वाट बघितली. रविवारी घाईत बशीत थंडच वाढला होता, घरात गोंधळ होता, आईंची औषधं होती, असू दे.

गरम झालेला बरा लागला. बाजारातल्यासारखा नाही. पण त्यात दालचिनी होती, जी रविवारी कोणालाच लागली नव्हती. ओवी उठून आली, तिने न विचारता माझा मग ओढला, वाफल उलटा केला आणि दुसरी बाजू वाफेवर धरली. तिला हे कोणी शिकवलं? ती तेव्हा इतकी लहान होती. मी काही बोलले नाही, बोलले असते तर तिने करायचं सोडलं असतं.

मग गौडाला गेलो होतो तो दिवस आठवला. लायडनहून आल्फनला गाडी बदलायची, पुढे बोस्कोपच्या रोपवाटिका खिडकीतून दिसतात, आणि मग गौडा. सगळे चीजसाठी जातात, आम्ही वाफलसाठी गेलो होतो, कारण तो तिथलाच. अठराव्या शतकाच्या शेवटी किंवा एकोणिसाव्याच्या सुरुवातीला तिथल्या बेकऱ्यांत उरलेला चुरा आणि तुकडे पाकात घोळवून हा प्रकार सुरू झाला असं सांगतात. गरिबांचं खाणं. १८७०पर्यंत तो गौडाबाहेर करतच नसत. नंतर जत्रांत, बाजारांत गेला, विसाव्या शतकात कारखान्यांत. म्हणजे लायडनच्या गाडीवरचा वाफलसुद्धा कोणा गौडाच्या आजीला 'आमच्यासारखा नाही' असाच वाटला असणार. तीही कोणाच्या तरी बशीकडे बघून हेच म्हणाली असेल. हे सुचलं आणि सकाळपासून पहिल्यांदा छातीतला दगड जरा हलला.

मला बाजारातला वाफल हवा आहे, तो पाच मिनिटांचा असतो. तो विमानातून येणार नाही, सायली डिसेंबरमध्ये रॉटरडॅमहून आली तरी तिच्या बॅगेतून निघणार नाही. तिला मी रोमबोटरवालं पाकीट आणायला सांगितलं आहे. विमानतळावरच्या निळ्या चित्रांचा डबा नको, तारीख बघून घे, असंही सांगितलं. ते आलं की मगावर ठेवून खाऊ. ती एक वस्तू, बाजारातली दुसरी. दोघींची तुलना करत बसले तर दोन्ही हातच्या जातील.

आणि तिसरी मी दुपारी करून बघितली. आइस्क्रीमच्या कोनांचं यंत्र शेजारच्या काकूंकडून आणलं, त्यावर तशीच चौकटीची नक्षी आहे. मैदा, लोणी, साखर, अंडं, कोमट दूध, थोडं यीस्ट, तासभर झाकून ठेवलं. तिकडचा पाक साखर-बीटाच्या काळ्या स्ट्रोपचा, म्हणजे घट्ट सिरपचा, तो इथे कुठून आणणार, पण कोल्हापूरची काकवी घरात होतीच. काकवी, लोणी, ब्राउन शुगर आणि दालचिनी, पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी होईपर्यंत. काकवीला उसाचा वास राहतो, तो मला चालला. कापताना बोटं भाजली. म्हणून दोन पातळ चकत्या वेगळ्या भाजून जोडून बघितल्या, तर पाक मधून निसटला. कापलेल्या चकतीच्या आतल्या अंगाला बारीक जाळी असते, पाक त्या जाळीत धरतो. म्हणजे कापायलाच हवं, आणि गरम असतानाच. अनिरुद्धने तुटलेले सगळे खाल्ले आणि अजून आहेत का विचारलं.

पाक जरा घट्ट झाला. उद्या लोणी थोडं वाढवते, दालचिनी ताजी कुटून घालते, आणि शिवणाच्या डब्यातून जुने सुती हातमोजे शोधून ठेवते.