घोडं पेंड खातं ते मेलपाशी

लिनक्स कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) एका ड्रायव्हरसाठी तीन पॅचची, म्हणजे कोडमधल्या बदलांची, सिरीज. कर्नेलला असे पॅच मेलनं पाठवायचे असतात. कोड बिल्ड झाला, बोर्डावर चालवून झाला, आणि मग सगळं अडलं ते एका टॅबपाशी. माझ्याकडून टॅब म्हणून निघालेलं अक्षर समोर आठ स्पेस होऊन पोचत होतं आणि तेवढ्यानं अख्खी सिरीज निकामी होत होती. कोड नीट लिहा, वर्णन नीट लिहा, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण पहिल्यांदा पाठवणाऱ्याचं घोडं पेंड खातं ते मेलपाशी, म्हणून आधी मेलबद्दलच लिहितो.

कर्नेलच्या कोडमध्ये इंडेंटेशन आठ रुंदीच्या टॅबनं करतात. डिफच्या (पॅचमधल्या बदललेल्या ओळींच्या यादीच्या) प्रत्येक तुकड्यात बदललेल्या ओळींच्या वर-खाली तीन-तीन ओळी संदर्भासाठी असतात आणि मेंटेनरनं (कोडचा तो भाग सांभाळणाऱ्यानं) ‘गिट एएम’, म्हणजे मेलमधला पॅच कोडवर चढवणारी गिटची आज्ञा, चालवलं की त्या ओळी त्याच्या फाइलशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्या जातात. टॅबचे स्पेस झाले की टॅबची एकही ओळ जुळत नाही आणि ‘पॅच डझ नॉट अप्लाय’ असं उत्तर येतं. दुसरा रोग म्हणजे लांब ओळ मध्येच तुटणं. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर, दोन ‘अ‍ॅट’ चिन्हांच्या जोड्यांच्या मध्ये, आत किती ओळी आहेत याचा हिशेब असतो. ओळ तुटून दोन झाल्या की हिशेब चुकतो आणि ‘करप्ट पॅच अ‍ॅट लाइन अमुक’ असं येतं. कुठली तक्रार आली यावरून रोग ओळखता येतो. दुसरी आली तर ओळ तुटली आहे असं धरून चाला. पहिली आली तर टॅब बघा, आणि टॅब शाबूत असतील तर पॅच भलत्याच ब्रँचवर (कोडच्या शाखेवर) बेतलेला आहे.

हे कोण करतं? मेल लिहिण्याचा प्रोग्रॅम आणि मेल नेणारा सर्व्हर, दोघंही. वेबवरच्या जीमेलच्या खिडकीत पॅच पेस्ट करायचा नाही, हे कर्नेलच्या दस्तऐवजांतच लिहिलेलं आहे: तिथे टॅबचे स्पेस होतात आणि ७८ अक्षरांपाशी ओळ तुटते. म्हणून ‘गिट सेंड-ईमेल’ वापरायचं. ते थेट मेल पाठवणाऱ्या (एसएमटीपी) सर्व्हरशी बोलतं, मधे खिडकी नाही. डेबियन, उबुंटू आणि फेडोरावर ते गिटबरोबर आपोआप येत नाही. ‘गिट-ईमेल’ नावाचं वेगळं पॅकेज घालावं लागतं.

इथवर सरळ आहे. माझा खरा राग आहे ऑफिसच्या मेल-सर्व्हरवर. गिटनं मेल स्वच्छ दिला तरी बाहेर जाताना हा सर्व्हर त्याला हात लावल्याशिवाय सोडत नाही. टॅब बदलणं हा पहिला प्रताप. दुसरा म्हणजे साध्या मजकुराला एचटीएमएलचा अंगरखा चढवणं. कर्नेलच्या मेल-याद्यांवर, म्हणजे पॅचची चर्चा होते त्या उघड मेल-गटांवर, एचटीएमएल मेल स्वीकारलाच जात नाही. तिसरा म्हणजे तळटीप: ‘हा मेल गोपनीय आहे, आपण अपेक्षित वाचक नसाल तर नष्ट करा’. जगभर उघड वाचल्या जाणाऱ्या, कायमच्या साठवल्या जाणाऱ्या ठिकाणी गोपनीयतेची अट घालून कोड द्यायचा! अशी तळटीप दिसली की मेंटेनर पॅचला हातसुद्धा लावत नाहीत आणि त्यांचं चुकत नाही. परवान्यानुसार खुला करायचा कोड आणि ‘वाचू नका’ ही सूचना एकत्र नांदत नाहीत.

चौथा प्रताप सगळ्यात लबाड, कारण तो डिफमध्ये दिसत नाही. प्रत्येक मेलला एक मेसेज-आयडी असतो. गिट तो स्वतः तयार करतं आणि पुढच्या प्रत्येक पॅचमध्ये ‘मी अमुक आयडीच्या कव्हर लेटरला उत्तर आहे’ असं लिहितं. कव्हर लेटर म्हणजे सिरीजची ओळख करून देणारा पहिला मेल. त्यावरच थ्रेड, म्हणजे मेलची साखळी, बांधला जातो. काही सर्व्हर गिटचा आयडी फेकून स्वतःचा नवा लावतात. मग पॅच ज्या मेलला उत्तर म्हणून गेले तो मेल जगात कुठेच नसतो. सिरीज विस्कटते आणि आपल्या बाजूला सगळं ‘ओके’ दिसतं. गिटच्या नव्या आवृत्त्यांत यासाठी वेगळा पर्याय आला आहे, पण सर्व्हर असं करतो हे आधी कळायला तर हवं.

आयटी विभागाकडे तिकीट टाकून तळटीप काढून घेता आली तर उत्तम. ‘पॉलिसी आहे’ हे उत्तर आलं तर तिकिटामागे धावू नका. मी धावलो, त्यातून काही निष्पन्न झालं नाही. दोन वाटा आहेत.

पहिली, खासगी खात्यातून पाठवणं. जीमेल असेल तर सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’, पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस. नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आधी दोन पायऱ्यांची पडताळणी सुरू करायची आणि मग १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढून तो द्यायचा. कोड ऑफिसच्या वेळातला असेल तर कमिटवरचा (गिटमध्ये नोंदलेल्या बदलावरचा) लेखक ऑफिसच्या पत्त्याचाच राहू द्या. पाठवणारा आणि लेखक वेगळे दिसले की सेंड-ईमेल मजकुराच्या पहिल्या ओळीत ‘फ्रॉम’ म्हणून लेखकाचं नाव-पत्ता घालतं आणि मेंटेनरकडे कमिट त्याच नावानं चढते. ऑफिसला श्रेय मिळतं, ऑफिसच्या सर्व्हरला मात्र शिवायचंही काम नाही. परवानगी तेवढी आधी घेऊन ठेवा, कारण ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही शोभेची ओळ नाही. हा कोड द्यायचा अधिकार मला आहे, असं तुम्ही त्या ओळीत लिहून देत असता.

दुसरी वाट बी-फोर या साधनाची. ऑफिसच्या नेटवर्कवर ५८७ पोर्टच बंद असेल तर हीच वाट उरते. बी-फोर पॅचवर तुमच्या डिजिटल किल्लीनं सही करतं आणि ते एचटीटीपीएसवरून कर्नेल डॉट ऑर्गच्या सेवेला देतं. पुढचा मेल ती सेवा पाठवते. किल्लीची नोंदणी एकदाच करायची, मेलवर आलेला कोड टाकून ती पक्की करायची. समोरच्याला पाठवणारा म्हणून तुमच्या नावापुढे ‘व्हाया बी-फोर रिले’ दिसतं आणि उत्तरं तुमच्याच पत्त्यावर येतात. पुन्हा पहिल्यापासून करायचं झालं तर मी सेंड-ईमेलच्या नादी न लागता थेट इथूनच सुरुवात करीन.

वाट कोणतीही घ्या, आधी रंगीत तालीम. सिरीज स्वतःलाच पाठवा, पण त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या खात्यात नको. तळटीप बहुधा बाहेर जाणाऱ्या मेललाच चिकटते, त्यामुळे आतल्या आत पाठवलेला मेल निर्मळ दिसतो आणि माणूस फसतो. दुसऱ्याच सेवेवरच्या खात्यात पाठवा, तिथे ‘मूळ संदेश’ उघडून तो जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवा, पॅच ज्या कमिटवर बेतले आहेत तिथून नवी ब्रँच काढा आणि त्या फाइली क्रमानं ‘गिट एएम’ला द्या. मग नवी ब्रँच आणि आपली मूळ ब्रँच यांचा डिफ घ्या. तो रिकामा आला पाहिजे. बी-फोरमध्ये स्वतःलाच पाठवून बघायचा ‘रिफ्लेक्ट’ पर्याय आहे. ‘ड्राय-रन’ केलं म्हणजे ही तालीम झाली असं समजू नका. ड्राय-रन फक्त पत्ते आणि विषय दाखवतं, मेल प्रत्यक्षात जातच नाही, मग सर्व्हरचे प्रताप दिसणार कुठून?

नावाबद्दल एक गोष्ट राहिली. आपल्याकडे कागदोपत्री नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी नाव, आणि मेलखात्यात नुसतं नाव-आडनाव. कमिटवरचा लेखक एका रूपात आणि ‘साइन्ड-ऑफ-बाय’ दुसऱ्या रूपात असलं की ‘चेकपॅच’ ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट लगेच नाव जुळत नसल्याचा इशारा देतं. एक रूप ठरवा, गिटच्या सेटिंगमध्ये घाला आणि पुढे तेच ठेवा.

आता बाकीचं भराभर. विषयाची ओळ ७० ते ७५ अक्षरांच्या आत, आधी उपप्रणालीचं नाव आणि कोलन. ते नाव चौकोनी कंसात घालू नका, कारण ‘गिट एएम’ कंसातला मजकूर उडवून टाकतं. वर्णनाच्या ओळी ७५ अक्षरांपर्यंत. जुनी चूक दुरुस्त करत असाल तर ‘फिक्सेस’ ओळीत मूळ कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) पहिली १२ अक्षरं आणि तिची विषयओळ. प्रत्येक पॅच एकटासुद्धा बिल्ड झाला पाहिजे. तिसऱ्या पॅचमध्ये जोडलेलं फंक्शन पहिल्यात वापरलंत तर पुढे ‘बायसेक्ट’ करणाऱ्याचे (चूक कुठल्या कमिटपासून आली ते शोधणाऱ्याचे) शिव्याशाप घ्याल. कमिट एकेक करून पुन्हा चढवणाऱ्या ‘रिबेस’ला ‘एक्झेक’ पर्यायातून मेकची (बिल्डची) आज्ञा दिली की प्रत्येक कमिटवर बिल्ड आपोआप होतो. सिरीज १५ पॅचच्या वर नेऊ नका. आणि कमिटमधून पॅचच्या फाइली काढणाऱ्या फॉरमॅट-पॅचला ‘बेस’ पर्याय द्या, म्हणजे कुठल्या कमिटवर बेतलं ते शेवटी आपसूक लिहिलं जातं.

कुणाला पाठवायचं ते ‘गेट-मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते. तिच्यात एक खड्डा आहे. सेंड-ईमेलला ती प्रत्येक पॅचमागे चालवायला सांगितलंत तर प्रत्येक पॅचची माणसं वेगळी निघतात आणि कव्हर लेटरमध्ये फाइलच नसल्यामुळे ते नीट कुणालाच जात नाही. ज्याला फक्त दुसरा पॅच मिळाला त्यानं पहिल्याशिवाय तो वाचायचा कसा? सगळ्या पॅचची नावं एकत्र काढा, दुहेरी गाळा आणि संपूर्ण सिरीज सगळ्यांना पाठवा. बी-फोरचा ‘ऑटो-टू-सीसी’ हेच करतो.

पाठवल्यावर वाट पाहणं हे माझ्या स्वभावात नाही, पण इथे इलाज नाही. निदान एक आठवडा आठवण करायची नाही. कर्नेलची नवी आवृत्ती बाहेर पडली की दोन आठवड्यांची मर्ज विंडो, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी जमवलेले बदल मुख्य कर्नेलमध्ये घेण्याचा काळ, असते. त्या काळात मेंटेनर दुसऱ्याच गडबडीत असतात आणि नेटवर्किंगवाले तर नव्या सुविधांसाठी आपलं झाड (‘ट्री’, म्हणजे कोडचा साठा) चक्क बंद ठेवतात. आरसी-वन, म्हणजे पुढच्या कर्नेलची पहिली चाचणी-आवृत्ती, आलं की पाठवा. नेटवर्किंगमध्ये आणखी एक नियम आहे: एकाच सिरीजच्या दोन आवृत्त्यांमध्ये किमान २४ तास हवेत. मेंटेनर अमेरिकेत असेल तर शेरे येतात आपल्या रात्री. सकाळी ते पाहून ऑफिसला निघण्याआधी दुसरी आवृत्ती ठोकून देण्याचा मोह आवरा. त्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या माणसाचा शेरा हमखास येतो.

शेऱ्यांना उत्तर द्यायचं ते ज्या ओळीबद्दल आहे तिच्याखाली, बाकीचं उद्धृत छाटून. फोनवरून तर नकोच. तिथली बरीच मेल-अ‍ॅप एचटीएमएल पाठवतात. असं उत्तर मेंटेनरला मिळतं, यादी ते नाकारते आणि चर्चेचा एक दुवा कायमचा गळतो. यंत्रमानवाचा मेल आला (‘कर्नेल टेस्ट रोबोट’ अनेक प्रकारच्या प्रोसेसरसाठी बिल्ड करून बघतो) तर दचकू नका, दुरुस्त करा. त्यात सुचवलेली ‘रिपोर्टेड-बाय’ ओळ मात्र त्याच सिरीजच्या पुढच्या आवृत्तीत घालू नका. दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये केली असेल तरच ती ओळ, आणि हे त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही.

दुसरी आवृत्ती नव्या थ्रेडमध्ये पाठवा, जुन्याला उत्तर म्हणून नको. कव्हर लेटरमध्ये लोअर या मेल-संग्रहातला जुन्या सिरीजचा दुवा पुरतो. काय बदललं ते कव्हर लेटरमध्ये, किंवा पॅचमधल्या तीन आडव्या रेघांच्या खाली. रेघांच्या वर लिहिलंत तर ते कायमचं गिटच्या इतिहासात जातं. मिळालेले ‘रिव्ह्यूड-बाय’ (पॅच तपासून पसंत केल्याच्या ओळी) पुढच्या आवृत्तीत आपणच उतरवून घ्यायचे असतात. पण तो पॅच बराच बदलला असेल तर ते काढा आणि काढल्याचं सांगा.

कव्हर लेटरच्या साच्यात दोन जागा भरायच्या असतात, विषयाची आणि मजकुराची. विषयाची तशीच राहिली तर सेंड-ईमेल पाठवायला नकार देतं. मजकुराची राहिली तर काही बोलत नाही, ‘ब्लर्ब हिअर’ तारांकित अक्षरांत जसंच्या तसं जगापुढे जातं. आणि प्रत्येक आवृत्तीच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. एकाच फोल्डरमध्ये ‘सगळे पॅच’ म्हणून आज्ञा दिलीत तर पहिली आणि दुसरी आवृत्ती हातात हात घालून निघतात, आणि गेलेला मेल परत बोलावता येत नाही.