गोळी कॅरमचे नियम पाळत नाही

अकरावीला वेगाचे घटक शिकवताना मागच्या बाकावरून हमखास येणारा प्रश्न : "सर, गोळी दगडावर आपटली तर स्ट्रायकरसारखीच उडते ना?" आमच्याकडे वरणगावच्या आयुध निर्माणीच्या क्वार्टरमधली पोरं असतात. तिथे रायफलची काडतुसं बनतात, तेव्हा हा विषय त्यांच्या घरचाच.

तर नाही. स्ट्रायकर ज्या कोनात पट्टीवर जातो, साधारण त्याच कोनात परततो. गोळी आपटताना चेपते, कधी फुटते. काँक्रीट किंवा काळ्या पाषाणावर ती तिरकी पंधरा अंशांनी आली, तरी निघते जेमतेम एक-दोन अंशांनी, भिंतीला जवळपास घासत. म्हणून चकमकीत भिंतीला पाठ चिकटवून उभं राहू नये, थोडं अंतर ठेवावं. सिनेमावाले नेमकं उलटं दाखवतात. मऊ माती, वाळू आणि पाणी यांची तऱ्हा वेगळी. तिथे गोळी आत रुतत स्वतःसमोर उतार तयार करते आणि त्यावरून, आली त्यापेक्षा जास्त कोनात वर उसळते.

एनसीसीत असताना फायरिंगच्या आधी उस्ताद आम्हाला टार्गेटमागच्या बटातले, म्हणजे गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधातले, दगड वेचायला लावायचे. मे महिना, जळगावचं ऊन, कोपरं सोललेली. आम्ही मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचो. पण बट उभा आणि भुसभुशीत हवा तो याचसाठी : गोळी जवळपास काटकोनात शिरली की आतच राहते, मधे दगड आला की कुठेही भरकटते. रायफलच्या नळीतल्या आट्यांनी दिलेली फिरकी तिला सरळ धरून ठेवते. आपटल्यावर तो तोल जातो आणि ती कोलांट्या खात, घोंघावत जाते. हवेचा अडथळा वाढून वेग लवकर उतरतो खरा, पण तरीही शेकडो मीटर पल्ला उरतो.

पाण्यासाठी नौदलातला एक जुना ठोकताळा आहे : १८ ला गोळ्याच्या सापेक्ष घनतेच्या (पाण्याच्या किती पट) वर्गमुळाने भागा. वाटोळा गोळा त्याहून कमी कोनात आला तरच उसळतो. शिशाची घनता ११.३, म्हणजे साधारण साडेपाच अंश. आपल्या बेसॉल्टची २.९ धरली तर साडेदहा. पोरं लगेच हतनूर धरणाच्या काठावर जायला निघतात, आणि चपट्या चिपा उचलतात. चपट्या चिपेला हे सूत्र लागू नाही, ती पाण्याशी साधारण वीस अंश कललेली असली की उत्तम टप्पे घेते. त्याचा तास पुढच्या आठवड्यात.