तुम्ही विचारलंत म्हणून: एका वायरीसाठी विमान का थांबवता?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, सोसायटीच्या सभेनंतर जिन्यात विचारला गेला आहे, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असताना, म्हणजे उत्तर देणे शक्यच नसतानाही विचारला गेला आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय एकच असतो. इंधन भरण्याच्या पॅनेलमागची एक वायर तपासायची म्हणून तुम्ही लोक भरलेले विमान अडवून धरता, त्या तपासणीत बहुतेक वेळा काही सापडत नाही, आणि इंधन भरताना लागलेली आग तुम्ही स्वतः कधी पाहिलेली नाही. मग हा खटाटोप कशासाठी? विमानांच्या विद्युत यंत्रणांच्या देखभालीचा परवाना घेऊन मी मुंबईत रात्रपाळ्या करतो, तेव्हा माझ्याकडे तयार उत्तर असावे ही अपेक्षा रास्तच आहे. आजवर मी 'नियम आहे' एवढे म्हणून विषय बदलत आलो. ते उत्तर खरे आहे, पण त्याने कोणाचे समाधान झालेले मला आठवत नाही. माझेही होत नाही.

आधी कबुली: नाही पाहिलेली आग. पाहायची इच्छाही नाही.

विमानात भरतात ते जेट ए-१ म्हणजे शेवटी रॉकेलच्याच जातीचे, पेट्रोलसारखे भडकणारे नव्हे, असे मला सांगणारे अनेक भेटतात. बरोबर आहे. पण ज्या तापमानाच्या वर त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, ते तापमान मानकानुसार किमान ३८ अंश सेल्सिअस ठरवलेले आहे, आणि मे महिन्यात दुपारी ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करायच्या मोकळ्या जागेत, तासभर उभ्या असलेल्या विमानाच्या पंखाला हात लावून पाहिलेल्या माणसाला ३८ हा आकडा फारसा धीर देत नाही. शिवाय टाकीत इंधन जसजसे चढते तसतशी आतली हवा, वाफेसकट, पंखाच्या टोकाकडच्या झरोक्यांतून बाहेर ढकलली जाते. ठिणगीचे म्हणाल तर टाक्यांच्या रचनेत दोन दशांश मिलिज्यूल ही ऊर्जेची सीमा धरतात. हिवाळ्यात लोखंडी कडीला हात लावल्यावर जो झटका आपल्याला जाणवतो, तो बहुधा याहून मोठा असतो.

विजेचा धोका इथे दोन वाटांनी येतो. इंधन गाळण्यांमधून आणि नळीतून वेगाने वाहताना त्यात स्थिर विद्युतभार साठतो. त्यासाठी इंधनाची गाडी आणि विमान यांना बाँडिंगची, म्हणजे दोघांमधला विद्युतभार सारखा ठेवणारी, तार जोडतात, ती नळीच्या आधी लागते आणि नळीनंतर निघते. हा उपाय साधा आहे, खिडकीतून तुम्हालाही दिसतो. (त्या वेळी सीटबेल्ट सोडून बसा अशी घोषणा होते, तीही याच हिशेबाने, की उठून पळावे लागले तर अडकू नये.) दुसरी वाट मात्र कोणाला दिसत नाही. इंधनाची नळी जिथे जोडतात, तिथेच किंवा हाताच्या अंतरावर विजेचे पॅनेल असते: व्हॉल्व उघडण्या-मिटण्याची बटणे, टाकीत किती भरले ते दाखवणारे आकडे, आणि त्यांच्यामागे तारांचा जुडगा. वीज आणि इंधन एरवी एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी जन्म खर्ची घालणारे अभियंते इथे मात्र त्यांना शेजारी बसवतात, कारण दुसरा इलाज नसतो. त्या जुडग्याला पावसाचे पाणी, समुद्राची खारी हवा, इंजिनांची थरथर आणि दिवसातून पाच-सहा वेळा उघडझाप हे सगळे सोसावे लागते.

अशा वायरीने खरोखर काही होते का, असे विचाराल तर झालेले आहे, जरी बहुतेक वेळा ते नळी जोडलेली असताना झालेले नाही. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीच्या फ्लाइट ८०० च्या बोइंग ७४७ विमानाच्या मधल्या टाकीचा स्फोट होऊन २३० माणसे गेली. ठिणगी नेमकी कुठून आली ते तपासकर्त्यांना निर्विवादपणे सांगता आले नाही. टाकीबाहेर शॉर्टसर्किट होऊन इंधनमापकाच्या तारांतून विजेचा जादा दाब (व्होल्टेज) आत गेला असावा, ही त्यांना सर्वांत संभवनीय वाटलेली शक्यता. मार्च २००१ मध्ये बँकॉकला जागेवर उभ्या असलेल्या ७३७ च्या मधल्या टाकीचा स्फोट झाला आणि केबिनमधील एक कर्मचारी दगावली. मे २००६ मध्ये तर आपल्याच बंगळुरात, जमिनीवरच असलेल्या एका मालवाहू ७२७ च्या डाव्या पंखातली टाकी फुटली, आणि त्याचा माग टाकीत जाणाऱ्या पंपाच्या तारांपर्यंत पोहोचला. टीडब्ल्यूएनंतर अमेरिकेने २००१ मध्ये जुन्या-नव्या सगळ्या टाक्यांच्या रचनेचा फेरविचार सक्तीचा केला, आणि तिथून आदेशांची जी रांग सुरू झाली तिचेच एक टोक माझ्या हातातल्या टॉर्चपर्यंत येते. आदेश म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, आमच्या बोलण्यात 'एडी'. ज्या देशात विमानाची रचना झाली तिथला नियामक तो काढतो, आपले डीजीसीए तो इथे बंधनकारक करते, आणि ठरलेल्या उड्डाणतासांच्या आत काम झाले नाही तर ते विमान उडण्यास पात्र राहत नाही. त्यात कंपनीची मर्जी नाही, माझी तर नाहीच.

पण तुम्ही हे सगळे ऐकून पुन्हा त्या एका पहाटेवरच येता, कारण तिची गोष्ट ओळखीतल्या सर्वांना अर्धवट माहीत आहे. आज ती पुरती सांगतो.

पावसाळा होता. आदल्या रात्रीचे विमान उशिरा उतरले आणि दीड वाजून गेल्यावर आमच्या ताब्यात आले. त्याच्या इंधन-पॅनेलमागच्या तारांची एडी-तपासणी व्हायची होती आणि शिल्लक तास इतके कमी होते की सकाळची दिल्लीची फेरी तपासणीशिवाय त्यात बसत नव्हती. वीज काढली, बॅटरी तोडली, पॅनेल सोडवून खाली घेतले आणि आरसा व टॉर्च घेऊन जुडगा इंचाइंचाने पाहू लागलो. तिसऱ्या क्लॅम्पपाशी थांबलो. क्लॅम्पच्या आतले रबर कडक होऊन चिरले होते, त्या चिरेतून धातूची कड डोकावत होती, आणि तिला टेकलेल्या वायरीचा बाहेरचा फिकट थर नखाएवढ्या जागेत घासून गेला होता. खालचा तांबूस पिवळा थर दिसत होता. तांबे दिसत नव्हते. मी कापसाने पुसून पाहिले, कारण कधीकधी तो नुसता मळ असतो. मळ नव्हता.

आदेशात लिहिले होते की आतला थर दिसल्यास पुढील उड्डाणाआधी वायर बदलावी. त्या जागी जोड चालत नाही, कनेक्टरपासून कनेक्टरपर्यंत नवा तुकडा घालावा लागतो, मग प्रत्येक जोडणी तपासावी लागते. मी मेंटेनन्स कंट्रोलला फोन लावला.

"तांबं दिसतंय का?"

"नाही."

"मग पॅनेल बंद कर, एमईएल लाव, हाताने व्हॉल्व उघडून इंधन भरू. रात्री परत आल्यावर बदल."

सूचना वेडगळ नव्हती. एमईएल म्हणजे कोणता भाग बिघडलेला असतानाही उडता येते त्याची मंजूर यादी, आणि पॅनेल बिघडलेले असताना काही अटींवर उडण्याची मुभा खरोखरच असते. पण ती बिघाडाला असते; एडीच्या तपासणीत जे सापडले त्यावर एडीनेच सांगितलेला उपाय करावा लागतो, आणि या आदेशात पळवाट ठेवलेली नव्हती. माझ्याबरोबरचा अनुभवी सहकारी फोटो मोठा करून बघत म्हणाला की मला विचारशील तर हे चालेल. मी म्हणालो, सही तू करतोस का? तो गप्प बसला, आणि त्याचा मला राग आला नाही. खाली इंधनवाले काका नळी न जोडता गाडीच्या पायरीवर बसून होते. काम वेळेत उरकेल या भरवशावर प्रवासी मात्र आत घेतलेले होते.

कॅप्टनला सांगायला वर गेलो. कॉकपिटमधून बाहेर पडताना पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माझे जॅकेट पाहून विचारले, "साहेब, ती वायर बघणारे तुम्हीच का?" दार उघडे होते, त्यांनी ऐकले असावे. साताऱ्याहून रात्रभर एसटीने आले होते, शेजारी मुलगी, अकराला तिची दिल्लीत मुलाखत. "एवढ्या एका वायरीपायी?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या." त्यांनी सोडले नाही. "पेटंल का ती?"

या प्रश्नाला मी खोटे उत्तर देऊ शकलो असतो, आणि पुष्कळ जण सांगतात की द्यायला हवे होते. मी म्हणालो, "बहुधा नाही."

"मग?"

मी खाली उतरलो. विमान अकराच्या सुमारास सुटले. काढलेली वायर पुढे तपासणीला गेली आणि अहवाल आला की आतले आवरण शाबूत आहे, जळल्याची खूण नाही. कार्यालयात तो कागद काही दिवस हातोहात फिरला, आणि फिरवणाऱ्यांचे म्हणणे काय होते ते वेगळे सांगायला नको.

त्या 'मग?'चे उत्तर मी असे देतो. 'बहुधा नाही' हे एका विमानाच्या एका फेरीपुरते उत्तर आहे. तसलीच पॅनेले जगभर रोज हजारो वेळा उघडतात, आणि त्या प्रत्येक वेळेचे 'बहुधा' एकत्र केले की त्यातून एखादे बंगळुरू निघते. दुसरे असे की आतला थर दिसला म्हणजे थांबा, ही रेघ कोणीतरी दिवसाउजेडी, भरपूर वेळ घेऊन, माझ्याहून अधिक माहिती समोर ठेवून आखलेली असते. ती मुद्दाम तांब्याच्या अलीकडे आखतात. रेघेपलीकडचे चालेल की नाही हे पहाटे साडेचारला, कंट्रोलचा फोन कानाशी आणि साताऱ्याचे गृहस्थ डोळ्यांसमोर असताना मी ठरवू नये, म्हणूनच ती असते. प्रयोगशाळेने वायर शाबूत ठरवली यावरून रेघ चुकीची ठरत नाही. रेघ जिथे असायला हवी तिथेच होती, एवढेच ठरते.

इथे माझ्यातलाच एक जुना माणूस मला अडवतो. परवाना मिळण्याआधी, उमेदवारीच्या काळात, मी या सक्तीच्या तपासण्यांविरुद्ध तावातावाने बोलत असे, आणि माझा मुद्दा पोरकट नव्हता. युनायटेड एअरलाइन्सच्या दोन अभियंत्यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की विमानाच्या बहुतेक भागांना ठराविक काळाने उघडून पाहण्याचा काही फायदा होत नाही, आणि काही वेळा उघडण्यानेच बिघाड शिरतो. पॅनेल शंभरदा काढले की जुडगा शंभरदा वाकतो. त्या रात्रीचे चिरलेले रबर वयाने चिरले होते की आधीच्या कोणत्या तपासणीत कोणाच्या पान्याने, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या तरुणाला मी आज एवढेच म्हणू शकतो की ज्या बिघाडाची आधी कसलीच चाहूल लागत नाही, पॅनेल झकास चालत असते, दिवे लागतात, आकडे बरोबर येतात, तो पाहिल्याशिवाय कळण्याची दुसरी रीत मला तरी माहीत नाही. तो म्हणतो, मग रचना बदला. हेही बरोबर आहे. काही आदेशांत तशी सोय असते, सुधारित भाग बसवला की तपासणी कायमची संपते, पण तो भाग येईपर्यंतची वर्षे कोणीतरी टॉर्च घेऊन काढायचीच असतात. आमचा वाद मिटलेला नाही.

काहीच सापडले नाही, हा निकालसुद्धा वाया जात नाही. तो उत्पादकाकडे आणि नियामकाकडे जातो, आणि मुदत वाढवायची की आवळायची हे अशाच कागदांच्या ढिगावरून ठरते.

पण तुमच्या प्रश्नातली खरी बोच मला दुसरीकडेच दिसते. वायर सापडली म्हणून विमान थांबले, असे तुम्ही म्हणता. ते थांबले कारण तपासणी शेवटच्या शक्य रात्रीला लावली होती. तीच आठवडाभर आधी, एखाद्या मोकळ्या रात्री झाली असती, तर तीच वायर सापडून बदलली गेली असती आणि साताऱ्याच्या कोणाला तिचा पत्ताही लागला नसता. मुदत संपेस्तोवर काम ढकलणे हे नियमाविरुद्ध नाही, उलट कागदोपत्री ती काटकसर ठरते: जितके तास मिळतात तितके वापरा. मात्र काही सापडलेच तर ते सोसायला एक तासही उरत नाही, आणि दोष त्या रात्री टॉर्च धरणाऱ्याच्या माथी बसतो.

यावर नियोजनातली माणसे म्हणतात की मोकळी रात्र दाखव, आम्ही काम लावतो. विमान पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत फिरते तेव्हाच तिकीट त्या दराला परवडते, आणि सुट्टीला गावी जाताना मीही सर्वांत स्वस्त तिकीटच शोधतो. तेव्हा हे त्यांचे एकट्याचे पाप आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरीही एडीची विद्युत-तपासणी मुदतीच्या निदान दहावा हिस्सा आधी व्हावी, असे मी लेखी मागितले आहे. 'विचाराधीन' असे उत्तर आले, त्याला आता बराच काळ लोटला. पुढच्या पंगतीत मला अवश्य विचारा. फक्त एका वायरीसाठी का थांबवले एवढेच न विचारता, ती शेवटच्या रात्रीपर्यंत का ठेवली होती, हेही विचारा, आणि जमल्यास तो दुसरा प्रश्न तिकीट काढलेल्या कंपनीला लेखी पाठवा.