सावंतवाडी ते जुने गोवे: देवाच्या सोबतीची पायवाट

दर वर्षी २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, सुरुवात होते आणि ३ डिसेंबरला त्यांचे फेस्त, म्हणजे सण, साजरे होते. त्या दिवसांत बेळगाव, कारवार आणि आमच्या सिंधुदुर्गातून पायी निघालेले लहानमोठे जथे गोव्याच्या वाटेला लागतात. सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी आणि रायबंदर असा हा रस्ता ६० ते ७० किलोमीटरांचा आहे. अशाच एका जथ्याबरोबर मी ही वारी केली. तिच्याविषयी लिहावेसे वाटले, कारण देव सदैव आपल्याबरोबर असतो हे जे आपण लहानपणापासून ऐकतो, ते कामाच्या दिवसात कसे उतरते हे मला त्या रस्त्यावर जितके उमगले तितके आधी कुठेच उमगले नव्हते.

मी एका काजू कारखान्यात प्रतवारी आणि वजनाचे काम पाहते. ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे सकाळची प्रार्थना, संध्याकाळची जपमाळ आणि रविवारची मिस्सा हे सारे अंगवळणी पडलेले आहे. माझ्या मनात प्रश्न होता तो या प्रार्थनांच्या मधल्या आठ-दहा तासांचा. त्या तासांत समोर ट्रे, वजनकाटा, वही आणि माणसे असतात, बॉयलरचा आवाज असतो, माल वेळेवर पाठवण्याची घाई असते. तिथे देव असतो म्हणजे नेमके काय होते? मिस्सेच्या वेळी मन भरून येते आणि कारखान्यात येत नाही, म्हणजे तिथे देवाची सोबत कमी पडते का?

पहाटे सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चमध्ये प्रार्थना करून आम्ही निघालो तेव्हा मोती तलावावर धुके होते. भातकापणी उरकलेली, मळ्यांत सुके खुंट उरलेले आणि हवेत गारवा, त्यामुळे सुरुवातीचा रस्ता हलका गेला. इन्सुली घाटापर्यंत भक्तिगीते आणि जपमाळ यांचा ताल पायांना मिळत होता. पुढे हळूहळू गाणे थांबले आणि प्रत्येकजण आपापल्या श्वासाबरोबर एकटा चालू लागला.

आमच्यात सत्तरी ओलांडलेली एक मावशी होती. ती नात्याने कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांचीच मावशी होती. तिच्या हाताला जपमाळ गुंडाळलेली असायची, पण मणी फार वेळा पुढे सरकताना दिसत नसत, कारण ती जवळजवळ सारा वेळ येशूशी मालवणीत बोलत असे. घाटाच्या वळणावर ती थांबली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "येशू, वायच थांब रे, माका दम लागलो." मग सुनेचे दुखणे, नातवाची परीक्षा, बाजारात न मिळालेले बांगडे आणि परसातल्या माडावर आलेली कीड हे सारे तिने त्याला त्याच आवाजात सांगितले. मी तिच्याकडे पाहते आहे हे लक्षात आल्यावर ती म्हणाली, "बोलतंय मगे. वांगडा चलता, तेच्याकडे बोलूक नको?" बरोबर चालतो आहे, तर त्याच्याशी बोलायला नको का, असे तिचे म्हणणे.

यावर मला सतराव्या शतकातील पॅरिसचे ब्रदर लॉरेन्स आठवले. त्यांच्याविषयी मी आमच्या फादरांकडून प्रथम ऐकले होते. निकोला एर्मां हे त्यांचे मूळ नाव. तरुणपणी ते सैन्यात होते, तिथे पायाला जखम होऊन ते कायमचे लंगडे झाले आणि पुढे पॅरिसच्या कार्मेलाइट मठात साधे बंधू म्हणून दाखल झाले. त्यांना स्वयंपाकघराचे काम मिळाले. या कामाची त्यांना मुळात आवड नव्हती. तरीही ते अनेक वर्षे तिथे राबले, आणि उतारवयात मठातील बंधूंच्या वहाणा दुरुस्त करू लागले. १६९१ साली त्यांचे निधन झाले. भांड्यांच्या खणखणाटात, एकाच वेळी अनेकजण हाका मारत असताना, आपण देवाबरोबर तितकेच शांत असतो जितके वेदीपुढे गुडघे टेकल्यावर असतो, असे ते सांगत. मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना बर्गंडीला पाठवले गेले, तेव्हा पाय अधू असल्यामुळे नावेत पिंपांवरून अंग लोटत त्यांना सरकावे लागे; ते कामही त्यांनी देवाला सांगूनच केले, हे तुझेच काम आहे असे म्हणून. मला त्यांच्या शिकवणीतील सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते ती मन भरकटण्याविषयीची. प्रार्थनेतून मन निसटले की त्याला रागवत बसू नये, निसटल्याचा हिशेबही मांडू नये, ते शांतपणे परत आणावे आणि पुढे चालावे, असा त्यांचा सल्ला होता.

तो सल्ला मी रस्त्यावर पाळून पाहिला. किलोमीटरचा दगड दिसला की एवढेच म्हणायचे, "प्रभू, तू आहेस." मधल्या अंतरात मन कारखान्यात, घरात, पायाच्या फोडांत कुठेही जाऊन येई, दगड दिसला की ते पुन्हा या तीन शब्दांवर येई. मोठ्या प्रार्थनांना जी जागा लागते ती या तीन शब्दांना लागत नाही, त्यामुळे ट्रकच्या भोंग्यांतही ते म्हणता येतात.

बांदा ओलांडून पत्रादेवीला पोहोचलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी जिथे गोळ्या झाडल्या, त्या जागेवरचे हुतात्मा स्मारक तिथे आहे. आम्ही थोडा वेळ उभे राहून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. हद्दीजवळच्या एका घरात आम्हांला चहा मिळाला. अंगणात तुळशीवृंदावन होते आणि त्यावर तुळशीच्या लग्नातला ऊस अजून बांधलेला होता. घरच्या काकी कपबशा भरता भरता म्हणाल्या, "सायब काय तुमचोच नाय, आमचो पण आसा." गोव्यात आणि आमच्या भागात झेवियर संतांना 'गोंयचो सायब' म्हणणारे सगळेच ख्रिस्ती नसतात, हे ठाऊक असूनही कुणाच्या ओसरीवर दमून बसल्यावर ते ऐकणे वेगळे असते. त्या घरचा चहा घेताना मी देवाचे आभार मानले ते केवळ चहासाठी नव्हते. आपल्या अंगणात आलेल्या अनोळखी माणसांना पाहून काकींच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो आला कुठून, हे मला दिसत होते.

धारगळ ते कोलवाळ हा टप्पा मात्र कठीण गेला. दुपारचे ऊन, तापलेले डांबर, रुंद महामार्ग आणि सावलीला झाड नाही. त्या वेळी मला देवाविषयी काहीही वाटत नव्हते, ना भक्ती, ना शांती. तीन शब्द कोरडे येत होते. मी ते म्हणत राहिले, कारण त्याच सुमारास मला लूकच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय आठवत होता. पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे पायी निघाले होते, खिन्न होऊन, सगळे संपले असे समजून. येशू स्वतः येऊन त्यांच्याबरोबर चालू लागला आणि त्यांनी त्याला ओळखले नाही. त्याने त्यांच्याशी बोलत, शास्त्रलेख समजावून देत सारी वाट काढली, तरीही ओळखले नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली आणि त्यांना दिली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. मग त्यांना आठवले की वाटेत तो बोलत होता तेव्हाच आपले अंतःकरण आतून पेटत होते. म्हणजे ओळख पटली संध्याकाळी, पण सोबत होती दुपारपासून. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या तापलेल्या रस्त्यावर या वचनांत मिळाले. देवाची सोबत ही एक गोष्ट आणि ती सोबत जाणवणे ही दुसरी. दुसरी नसली म्हणून पहिली नसते असे नाही. जाणीव आली तर ती देणगी म्हणून घ्यावी, आली नाही तर चालणे थांबवू नये.

त्याच टप्प्यावर माझ्या मनात वारंवार येत राहिला तो कारखान्यातला वजनकाटा. काजूची बी वाफवून, थंड करून फोडली की सालीसकटचा गर भट्टीत सुकवतात आणि मग बायका तो हाताने सोलतात. बोटांच्या टोकांनी आणि छोट्या सुरीने तांबूस साल निघते. हात सरावलेला असेल तर अख्खा पांढरा गर बाहेर येतो, नाहीतर पाकळी होते किंवा तुकडा. त्यांची मजुरी सोललेल्या किलोवर असते आणि तुकडा जास्त निघाला की ती कमी होते. गर भट्टीत नीट सुकला नसेल तर साल चिकटून राहते, जास्त सुकला तर तो बोटांत मोडतो, आणि दोन्ही वेळा ट्रे माझ्यासमोर येतो तो सोलणारीच्या नावाने. मी ट्रे काट्यावर ठेवते, आकडा लिहिते, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा गराच्या आकारानुसारच्या प्रती लावते. खोटा काटा देवाला वीट आणतो आणि खरे वजन त्याला प्रिय असते, असे नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायाच्या आरंभीच म्हटले आहे. म्हणजे देवाला माझ्या कामाच्या जागी यायला निमंत्रण लागत नाही. त्याचे लक्ष काट्यावर आधीपासूनच आहे. त्याच्यासमोर असणे म्हणजे तुकड्यांचा ट्रे समोर आला की त्यामागची भट्टीही पाहणे, एवढे तरी मला कोलवाळच्या पुलावर येईपर्यंत स्पष्ट झाले होते.

म्हापशात रात्रीचा मुक्काम होता. मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, चर्चमध्ये जाऊन आलो. शिरगावच्या लईराई देवीची ही बहीण, अशी या भागातील हिंदूंची श्रद्धा आहे आणि सायबिणीच्या फेस्ताला तेही मोठ्या संख्येने येतात. त्या रात्री उकड्या तांदळाची पेज आणि वाटाण्याची उसळ होती. जेवणाआधी सगळ्यांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हटले, आणि रोजच्या भाकरीची मागणी करताना भुकेल्या पोटी माझे लक्ष इतर वेळेपेक्षा जास्त होते. जेवणानंतर मावशी तुटलेल्या चपलेचा पट्टा सेफ्टी पिनेने जोडत बसली. दिव्याखाली डोळे बारीक करून, पिन दोनदा निसटली तरी न वैतागता, ती पुटपुटत होती. काय ते मला ऐकू आले नाही. ऐकू येण्याची गरजही नव्हती.

पणजीहून रायबंदरकडे जाणारा सुमारे तीन किलोमीटरांचा जुना बांधरस्ता पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि खारफुटी. त्यावरून सकाळी चालताना लोकांची रांग पुढेमागे दिसू लागते, कारण इथे वेगवेगळ्या वाटांनी आलेले वारकरी एकत्र होतात. बॅसिलिकेच्या जांभ्या दगडाच्या भिंती दिसल्या तेव्हा काहीजण रडले, काहीजण धावले. मी यातले काहीच केले नाही. आत रांग सरकत होती. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने दिलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर चांदीची पेटी उंचावर आहे. तिच्याकडे पाहण्यास जेमतेम काही क्षण मिळतात आणि मागचे लोक पुढे सरकवतात. तेवढ्या क्षणांत मी सायबाला एवढेच म्हटले की तुमच्या शेवटच्या दिवसांची मला नीट आठवण राहू द्या.

त्यामागे कारण होते. १५४२ च्या मे महिन्यात झेवियर गोव्यात आले, घंटा वाजवत रस्त्यांवरून फिरून मुलांना प्रार्थना शिकवायला बोलावू लागले, रुग्णालयातील आजाऱ्यांजवळ राहिले. पुढे मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असा त्यांचा प्रवास झाला. पण ३ डिसेंबर १५५२ रोजी ते वारले ते चीनच्या किनाऱ्यासमोरील शांगच्वान बेटावर, एका झोपडीत, तापाने. चीनमध्ये जाण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. मुख्य भूमी समोर दिसत होती आणि नेणारी नाव आली नाही. त्यांच्याजवळ अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता, त्याने त्यांची सेवा केली. ज्यांच्या दर्शनाला आज लाखो लोक येतात, त्यांचा शेवटचा आठवडा बाहेरून पाहणाऱ्याला अपयशासारखाच दिसला असता. त्या झोपडीत देव होता असे आपण म्हणतो तेव्हा सोबतीचा अर्थ हवे ते मिळणे असा राहत नाही.

मैदानातल्या मंडपात मिस्सा झाली. हजारोंच्या गर्दीत मी ख्रिस्तशरीर स्वीकारले, आणि अम्माऊसच्या टेबलावर जे मोडले गेले तेच हे, असे मनात आले. दुपारी टेम्पोने आम्ही सावंतवाडीला परतलो. पायी चाललेला सगळा रस्ता खिडकीतून उलटा सरकत गेला आणि मावशी वाटेत झोपली.

परतल्यावर कामावर हजर झाले त्या दिवशी एका बाईचा ट्रे आला, त्यात तुकडाच तुकडा होता आणि उरलेल्या गरांवर साल चिकटलेली होती. तिने ट्रे ठेवला आणि मान खाली घातली, कारण पुढे काय होते हे तिला ठाऊक होते. मी चार गर बोटांनी दाबून पाहिले, ते दमट लागले. भट्टीवर जाऊन विचारले, तेव्हा त्या खेपेला उष्णता कमी पडली होती असे कळले. त्या वेळी मी प्रार्थना केली नव्हती, तीन शब्दही म्हटले नव्हते. मुकादमाशी बोलून त्या खेपेचा तुकडा कुणाच्याच मजुरीतून कापायचा नाही असे ठरवले आणि वहीत तशी नोंद केली. आता भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक खेपेची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवते, म्हणजे तुकडा वाढला की आधी भट्टी तपासली जाते आणि मग सोलणारीला विचारले जाते.