वेव्हमेकर वाढवला की शेवाळ जातं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण घरातला खाऱ्या पाण्याचा टँक बघितला की बहुतेक जण हेच विचारतात, अजून एक वेव्हमेकर, म्हणजे टँकमधे प्रवाह तयार करणारा पंप, लावला तर शेवाळ जाईल ना? नुसत्या त्याने नाही जात. हिरवं केसाळ शेवाळ तर जोरदार प्रवाहातही मस्त वाढतं, कोकणातले खडक बघा ना, लाटा आपटतात तिथेच हिरवेगार असतात. नायट्रेट आणि फॉस्फेट मिळतंय तोवर ते हटणार नाही.

मग प्रवाह हवा कशाला, तर घाण उचलायला. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं खडकामागे साचतं, तिथेच कुजतं, आणि अशाच बंद कोपऱ्यात तो लालसर चिकट थर धरतो, जो खरं तर शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू असतात. पाणी फिरतं राहिलं की घाण तरंगत स्किमरपर्यंत, म्हणजे फेस करून घाण वेगळी काढणाऱ्या यंत्रापर्यंत जाते आणि टँकच्या बाहेर पडते. २०० लिटरच्या टँकला ताशी ४००० लिटर, म्हणजे २० पट, एवढं मी तरी धरते, पण आकड्यापेक्षा दिशा बघा. एकच मोठा पंप सरळ धार मारतो, समोरची वाळू उडते आणि खडकामागचं पाणी तसंच थांबलेलं. त्यापेक्षा दोन छोटे, धारा मधे एकमेकींवर आदळतील असे, थोडे वर वळवून, म्हणजे वरचं पाणीही हलतं आणि ऑक्सिजन मिसळतो, आपल्याकडच्या मे महिन्यात तर हे हवंच कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

आणि टेस्ट किटमधे फॉस्फेट शून्य आलं म्हणून खूश होऊ नका प्लीज, टँकभर शेवाळ असताना शून्य येतं कारण ते शेवाळानेच खाल्लेलं असतं. येतं कुठून ते शोधा. माशांच्या फ्रोझन खाण्याचं पाणी गाळून फेकून द्या. वाफ होऊन पाणी कमी झालं की नळाचं ओतू नका, उडतं ते नुसतं पाणी, नळातून आलेलं बाकी सगळं आत साठत जातं. आरओ-डीआय फिल्टरचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलंच घाला, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य असलेलं.

पाणी बदलायच्या आधी मोठ्या सिरिंजने खडकांच्या फटीत पाणी मारा, जिथून घाणीचा करडा धूर निघेल तिथे प्रवाह पोचत नाहीये, पंप तिकडे वळवा. आणि पंप अधूनमधून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून आतला चुना काढत जा, नाहीतर डब्यावर लिहिलंय तेवढं पाणी तो ढकलतच नाही.