बराकीतला सगळ्यात धाकटा

गुरुवार, रात्र

बूट अजून ओलेच आहेत. शेजारच्या खाटेवरचे साताऱ्याचे दादा म्हणाले, आत पेपरचे बोळे कोंब, सकाळपर्यंत वाळतील. त्यांचा मुलगा दहावीला आहे. मला अठरा पूर्ण होऊन चार महिने झालेत.

प्रादेशिक सेनेला १८ ते ४२ वय चालतं, हे जाहिरातीत वाचलं होतं. म्हणजे काय ते इथे कोल्हापुरात, १०९ बटालियनच्या बराकीत कळलं. कुणाचं किराणा दुकान, कुणी ट्रक चालवतो. पोटापाण्याचा धंदा सांभाळायचा आणि हुकूम आला की वर्दी चढवायची, १९४९ पासून ही सेना अशीच उभी आहे. मला सांभाळायला अजून काहीच नाही. बारावीचा निकाल आणि आप्पांचा दीड एकर ऊस, एवढंच.

गावात विचारतात, "ही खरी फौज काय रं?" क्रिकेटवाल्या धोनीला या सेनेत मानद हुद्दा आहे, त्यामुळे काहींना नाव तरी माहीत आहे. प्रादेशिक सेनेचे जवान ६२, ६५, ७१ या तिन्ही युद्धांत होते, हे मीही इथे आल्यावरच शिकलो. आता पुढच्या वेळी सांगेन.

आप्पांनी तसं कधीच विचारलं नाही. भरतीच्या दिवशी मध्यरात्रीपासून ते मैदानाबाहेर बसून होते. सोळाशे मीटर पळून बाहेर आलो तर त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. झाकण आधीच काढून ठेवलं होतं.

आज रायफलचं खोलना-जोडना. उस्ताद घड्याळ लावून उभे. माझी बोटं घामानं निसटत होती, एक भाग उलटा बसला, परत काढला. वेळ संपली तेव्हा मी सगळ्यात शेवटचा. दादा रात्री खाटेवर बसून डोळे मिटून हातवारे करून दाखवत होते, आधी हे, मग हे. रायफल नव्हती, पण क्रम डोक्यात बसला.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मराठा लाइट इन्फंट्रीची आरोळी दिली, आमची बटालियन त्याच रेजिमेंटची. शिवाजी महाराजांचा जयजयकार, आणि मागोमाग टेंबलाई मातेचा. ललिता पंचमीला आप्पांच्या खांद्यावर बसून याच टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडताना पाहिलाय मी. तेच नाव शेकडो गळ्यांतून आलं आणि माझा आवाज मध्येच अडकला. दुसऱ्या वेळी मात्र पोटातून दिला.

साडेचारला शिट्टी होईल. बुटात हात घालून बघितलं, टोकाशी ओल आहे. कागद बदलला.